चाकांवरचं घर, चार बोटं कमी

आमच्या घरामागच्या अंगणात एक घर उभं होतं, त्याला दोन चाकं होती. गोल कोपऱ्यांचं, चंदेरी पत्र्याचं, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं. लोक त्याचं काहीबाही इंग्रजी नाव घ्यायचे. आम्ही डबा म्हणायचो. त्या डब्यात मी एकोणीस वर्षं संसार केला आणि एकोणीस वर्षं एकाच गोष्टीवरून नवऱ्याला टोचत राहिले. ती गोष्ट शेवटी माझ्याच अंगावर आली, ती कशी ते सांगते.

आमचे हे पुलांवर सुतार होते. पुलाचं काँक्रीट ओतायच्या आधी खाली फळ्यांचा साचा बांधावा लागतो, ते ह्यांचं काम. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणत. नदी जिथे, तिथे पूल; पूल जिथे, तिथे आमचा डबा. कंपनीच्या ट्रकमागे जोडला की निघालो. एकोणीस वर्षांत अकरा पूल झाले. डबा मिळाला तेव्हा नुसतं टरफल होतं. कुणा हौशी माणसाने प्रवासासाठी घेऊन हौस फिटल्यावर टाकून दिलेला. आत ना पलंग, ना कपाट. ते सगळं ह्यांनी केलं, एका दिवसात, एकाच खेपेला आणलेल्या लाकडात.

त्या घराची एक गंमत होती. सकाळी मी स्टोव्ह पेटवायची, पडदा बाजूला करायची. हे पलंगावरूनच विचारायचे, "काय आहे खिडकीत?"

मी सांगायची. नदी आहे, रुंद आहे, पलीकडे झाडं आहेत, एक माणूस म्हशी धुतोय. दुसऱ्या पुलावर दुसरं सांगायची. कधी धुकं असलं की म्हणायची, आज काहीच नाही, आपण ढगात उभे आहोत. मग हे उठायचे. मी सांगितल्याशिवाय ह्यांचा दिवसच सुरू व्हायचा नाही. झोपेतून नुकतं उठल्यावर मला कितीदा वाटायचं की डबा रात्रभर आपण होऊन चाललाय आणि आत्ताच कुठे थांबलाय. चहाचं पाणीसुद्धा भांड्यात हलत असायचं.

काम संपलं, वय झालं, आम्ही पक्क्या भिंतींच्या घरात आलो आणि डबा मागच्या अंगणात लावला. ते अंगण आमचं नव्हतं. शेजारच्या काचवाल्याचं होतं. तो चांगला माणूस, बरीच वर्षं काही बोलला नाही.

मग ह्यांचे डोळे गेले. एकदम नाही, वात कमी करत जावी तसे. डॉक्टरांनी सांगितलं की आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल.  तेव्हापासून हे रोज दुपारी माझा हात धरून डब्यात जायचे, पलंगावर आडवे व्हायचे आणि विचारायचे, "काय आहे खिडकीत?"

खिडकीत काचवाल्याची भिंत होती. भिंत आहे असं मी एकदाही सांगितलं नाही. मी सातव्या पुलाची नदी सांगायची, नाहीतर तिसऱ्या पुलाची, जिच्यात वाळूचं बेट होतं. हे डोळे मिटून ऐकायचे. तेवढा तासभर दोघांची वयं कुठल्या कुठे जायची.

काचवाला एक दिवस दारात उभा राहिला, मान खाली घालून. "काकू, मला ती जागा लागणार आहे. दोन महिने घ्या. पण डबा हलवायला लागेल."

डबा हलवणार कुठे? खालचा सांगाडा गंजून पोळीसारखा झाला होता. उचलला तर दोन तुकडे व्हायचे. भंगारवाल्याशिवाय त्याला कुणी हात लावला नसता.

मी ह्यांना सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "बरं." मला तेव्हाच कळलं की डब्याबरोबर काय जाणार आहे. पत्रा गेला तर गेला. पण हे परत कधी विचारतील का, खिडकीत काय आहे म्हणून? घरातल्या खुर्चीत बसून माणूस असं कशाला विचारेल?

आमची सून नमुने बनवते. घर बांधणाऱ्यांच्या ऑफिसात पुठ्ठ्याचे, पातळ लाकडाचे छोटे बंगले करून ठेवतात ना, गिऱ्हाइकाला दाखवायला, ते तिचं काम. मुलगा लांबच्या कामावर, महिन्यातून चार दिवस घरी. हिचा घरी आल्यावरही तोच नाद. जुन्या काळच्या प्रवासी गाड्यांची, म्हणजे आमच्या डब्याच्याच भाऊबंदांची चित्रं बघून हिने तीन छोटे डबे करून फळीवर मांडले होते. एक अंड्यासारखा, एक पावासारखा, एक लाकडाच्या पट्ट्यांचा. मी तिला म्हणायची, "लग्न झालेल्या बाईने बाहुल्यांची घरं करावीत का?" ती म्हणायची, "आई, तुम्ही खऱ्या बाहुलीच्या घरात राहिलात, म्हणून तुम्हाला कौतुक नाही." तोंडाला तोंड देते, पण हात सोन्याचे आहेत. हे मी तिच्यासमोर म्हणत नाही.

डब्याचं ठरलं त्या दिवशी ती टेप आणि वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"आपला डबा करते," म्हणाली. "दहाला एक. दहा बोटं असतील तिथे एक बोट. बाबांना हातात धरता येईल असा."

माझी नणंद तिथेच बसून वाटाणे सोलत होती. वन्सं आमच्याकडेच असतात आणि ह्यांच्या धाकट्या बहिणीचा मान म्हणून सगळ्यांत मोठा कप त्यांना लागतो. त्या म्हणाल्या, "दादाला दिसत नाही, त्याला खेळणं काय द्यायचं?"

"आत्या, बाबांची बोटं बघतात," सून म्हणाली.

तीन दिवस ती डब्यात वाकून मोजत होती. तिसऱ्या दिवशी बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून.

"आई, एक विचारू? आतलं सगळंच थोडं कमी आहे. पलंग चार बोटं आखूड, म्हणून पायथ्याच्या फळीमागे फट. कपाट चार बोटं बुटकं, म्हणून वर फट. लांब फळीही तशीच. बाबांसारखा माणूस सगळीकडे सारखंच कसं चुकेल?"

त्या पलंगावर हे एकोणीस वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपले. पाय लांब केले की फळीला अडायचे. कपाटाच्या वरच्या फटीत मी एकोणीस वर्षं जुने कपडे कोंबले, फळीमागच्या फटीत छत्र्या ठेवल्या, आणि येईल त्या पाहुण्याला सांगितलं की पूल बांधणाऱ्या माणसाला बायकोचा पलंग मोजता आला नाही.

"चुकलं त्यांचं माप," मी म्हटलं. "तुझ्यात तरी बरोबर कर. पूर्ण लांबीचा पलंग कर, कपाट छताला भिडव."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"मी राहिलेय त्यात का तू?"

माझं तोंड असं आहे. खरं सांगायचं असतं तिथे ते आधी चढतं.

खरं काय होतं ते आता सांगते. ह्यांची मापाची एक काठी होती, सागाची, पुरुषभर उंच. टोकाला बोटाबोटावर खुणा केलेल्या. डबा मिळाला त्या आठवड्यात आत नुसता स्टोव्ह होता आणि माझा धुराने जीव जायचा. छताला एक झडप होती, ती खालून काहीतरी लावल्याशिवाय उघडी राहायची नाही. कोपऱ्यात ह्यांची काठी होती. ती नुसती पुरायची नाही आणि विटेवर उभी करून लावली तर झडप एवढी वर जायची की वारा धरून आपटायची. मी ह्यांचीच करवत घेतली आणि काठीचं टोक कापलं, चार बोटं. कापलेल्या जागी तेल आणि राख चोळली, म्हणजे जुनं वाटावं. तुकडा वाया कशाला घालवायचा? स्टोव्हचा एक पाय तुटका होता, त्याच्याखाली सारला. नवी नवरी होते. वाटलं, चार बोटांनी काय होतंय.

दुसऱ्याच दिवशी लाकूड आलं. ह्यांनी काठी घेतली आणि भराभर कापत सुटले. एक काठी पलंग, एक काठी कपाट, एक काठी फळी. पूर्ण काठी मोजायची तर खुणा कोण बघतो? संध्याकाळपर्यंत सगळं चार बोटं कमी झालं होतं आणि दुसरं लाकूड मिळणार नव्हतं. हे पलंगाकडे बघत उभे राहिले. त्या वेळी मी बोलले असते तर संपलं असतं. मी बोलले, पण वेगळंच. म्हटलं, "आखूड झाला की हो. मोजता येत नाही का?" एकदा तसं म्हटल्यावर मग दुसऱ्या दिवशीही तेच म्हणावं लागतं.

डबा जायच्या दिवशी भंगारवाला सकाळी नऊला आला. मी त्याच्या आधी आत गेले आणि स्टोव्हखालचा तुकडा काढून मुठीत घेतला. काळा पडला होता, पण चार खुणा तशाच. तो मी माझ्या सुयादोऱ्याच्या पेटीत तळाला टाकला. बाहेर पत्रा वाकल्याचा आवाज येत होता. हे घरात खुर्चीवर बसून ऐकत होते. आवाज थांबल्यावर म्हणाले, "गेला?" मी म्हटलं, "गेला." त्यानंतर महिनाभर ह्यांनी पाणी दे, चादर दे, एवढंच मागितलं. दुपारी मी जवळ जाऊन बसायची. ह्यांनी खिडकीबद्दल काही विचारलं नाही.

सुनेचा डबा तयार झाला तो मात्र बघत राहावा असा. हातभर लांब. तिने पातळ लाकूड कोमट पाण्यात भिजवून, गोल डब्याला बांधून वाकवलं होतं. वरचा पत्रा बोथट सुईने मागून टोचून टोचून पत्रे जोडणाऱ्या रिबिटांचे ठिपके उठवले होते, ओळीने, खऱ्यासारखे. दंतमंजन लावून तो असा घासला होता की त्यात माझं तोंड दिसत होतं, वाकडं. खिडक्यांच्या काचा ह्यांच्या डोळ्यांच्या औषधाच्या वेष्टनाच्या. पडदे माझ्या जुन्या पडद्यांच्या काठाचे. आत वाटाण्याएवढा स्टोव्ह, नखाएवढी किटली. छप्पर झाकणासारखं उचललं की हात आत जायचा. मी एका डोळ्याने खिडकीतून आत पाहिलं आणि क्षणभर मला चहाचा वास आला. खरंच आला.

सुनेने तो ह्यांच्या मांडीवर ठेवला. वन्सं कप घेऊन समोर बसल्या.

ह्यांची बोटं पत्र्यावरून फिरली. हसले. चाकं फिरवून पाहिली. दाराची कडी लावली, काढली. मग छप्पर उचलून बोटं आत गेली, पलंगावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि थांबली. परत मागे आली. कपाटावर चढली, वर फट शोधली. नव्हती.

"सुरेख झालाय," हे म्हणाले. "कुणाचा आहे?"

"बाबा, आपलाच," सून म्हणाली.

"नाही गं पोरी. ह्यात माणूस पाय लांब करून झोपतो." आणि छप्पर अलगद बसवून डबा तिला परत दिला, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसा.

वन्सं म्हणाल्या, "बघा, मी सांगितलं होतं. आता काय कळतंय बोटांना."

फरक होता गव्हाच्या दाण्याएवढा. तेवढा ह्यांच्या बोटांना कळला होता. मी उठून आत निघून गेले.

मला वाटलं सून माझं नाव घेईल. घेतलं नाही. सुटीचे दोन दिवस ती टेबलाशी बसून वहीतला एकेक आकडा पुन्हा तपासत होती. चष्मा पुसायची, पुन्हा बघायची. मी चहा ठेवला तर म्हणाली, "माझंच कुठेतरी चुकलंय, आई. पलंगाचं मला कळतंय. पण आणखीही काहीतरी राहिलं असणार. बाबांनी इतक्या लवकर परका का म्हटला?"

ती वाकून बसली होती. पाठ वाकलेली, गुडघे खुर्चीत वर घेतलेले. माझ्या चुकीपायी वाकलेलं माणूस मी याआधी एकोणीस वर्षं पाहिलं होतं. दुसरं बघायची माझी तयारी नव्हती.

वन्सं तिथेच होत्या. त्या उठून जातील म्हणून मी जरा वाट पाहिली. त्या कशाला उठतायत.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "ह्यांचंही नाही. काठी मी कापली होती."

आणि सगळं सांगितलं. झडप, करवत, तेल, राख. वन्संचा चहा थंड झाला.

"वहिनी," त्या शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लग्नात माझ्या सासूला तुम्ही सांगितलंत, दादाला मोजता येत नाही म्हणून..."

"सांगितलं."

"आणि माझ्या सासूने दादाकडून कपाट करून घेतलं नाही."

"तुमच्या सासूकडे कपाटात ठेवायला काय होतं?" मी म्हटलं. नाही म्हटलं तरी तोंड सुटतंच. मग म्हटलं, "चुकलं माझं, वन्सं." हे शब्द त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी वाटाणे सोलायला घेतले, वाटाणे नव्हते तरी.

सून मात्र हसत होती. हसत हसत तिने छोट्या पलंगाची पायथ्याची फळी सुरीने उचकटली. मी शेजारी बसले. पलंग किती आखूड, कपाटाच्या वरची फट किती, ते मी सांगत गेले, ती कापत गेली. वरच्या फटीत मी स्वतः चिंधीचे बारके बोळे कोंबले. फळीमागे तिने काडीच्या दोन छत्र्या ठेवल्या. तुकड्याचं मात्र मी तिला सांगितलं नाही. सगळंच एका दिवसात कसं सांगणार? आणि तुकडा आता पेटीच्या तळाला होता, कुणाला लागणार होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा पुन्हा ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्या खेपेला मी शेजारी उभी राहिले, पळून जाता येऊ नये म्हणून खुर्चीला धरून.

बोटं पलंगावर गेली. पायथ्याला थांबली. फळीमागे गेली, छत्र्या सापडल्या. कपाटावर चढली, चिंधी सापडली. ह्यांचा चेहरा असा झाला, जसा लांबून कुणी हाक मारल्यावर होतो. मी श्वास सोडणार, तेवढ्यात बोटं ओट्यावर आली. किटली. स्टोव्ह. स्टोव्हच्या पायाखाली.

"इथे काही नाही," हे म्हणाले.

"काय पाहिजे होतं?" सुनेने विचारलं.

"माझ्या काठीचं टोक."

माझे कान तापले. सून माझ्याकडे बघायला लागली. 

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पलंग झाला त्याच संध्याकाळचं. तू चहा टाकत होतीस आणि मला बोलत होतीस. मी खाली पाहिलं, तर माझ्या खुणा."

"मग बोलला का नाहीत? एकोणीस वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटले."

"तू मध्ये थांबलीसच नाहीस," हे म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि ते टोक काढलं असतं तर स्टोव्ह हलला असता."

एवढंच कारण. एवढ्यासाठी माणूस एकोणीस वर्षं गुडघे मोडून झोपला आणि चार गावांत मोजता न येणारा सुतार म्हणून फिरला. चहा सांडू नये म्हणून. मला ह्यांचा राग आला. इतका की डोळ्यांना पाणी आलं.

मी आत गेले, सुयादोऱ्याच्या पेटीतून तुकडा आणला आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला. ह्यांनी अंगठ्याने खुणा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग सुनेकडे दिला. तिने ब्लेडने त्याची एक ढलपी काढली, तिळापेक्षा थोडी मोठी, आणि चिमट्याने धरून स्टोव्हच्या पायाखाली चिकटवली. सुकेपर्यंत आम्ही तिघंही वाट बघत बसलो, जसं काही काँक्रीट ओतलंय. दारात वन्सं उभ्या होत्या. 

ह्यांनी बोट लावून पाहिलं. स्टोव्ह हलत नव्हता.

मग डबा मांडीवर तसाच ठेवून हे खुर्चीत मागे टेकले. डोळे मिटले. पाय वर घेतले, गुडघे हळूहळू पोटाशी आले.

"काय आहे खिडकीत?" हे म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसले आणि एक डोळा छोट्या खिडकीला लावला. छोट्या पडद्यामधून, छोट्या ओट्यावरून, पलीकडच्या छोट्या खिडकीतून माझी नजर बाहेर गेली. पुढे आमच्या घराची खिडकी, आणि तिच्या पलीकडे मागचं अंगण. डबा इतकी वर्षं उभा होता तिथली जमीन खचून खोलगट झाली होती. काचवाल्याची माणसं सकाळी काचा धुऊन गेली होती आणि सगळं पाणी त्या खोलगट जागेत साठलं होतं. दुपारचं ऊन त्यावर हलत होतं. एवढ्याशा खिडकीतून त्याचा दुसरा काठ दिसत नव्हता.

"नदी आहे," मी म्हटलं. "रुंद आहे. ऊन पडलंय."

"पूल?"

"अर्धा झालाय."

"मग उठायला हवं," हे म्हणाले. पण उठले नाहीत. आणि मी पलीकडचा काठ सांगायला लागले.